उजेड पायजे, दणका नको

मी आमच्या घरमालकांच्या बायकोला माझ्या बायकोचे डोळे लावले.

वाक्य चमत्कारिक आहे, पण खोटं नाही. कॉम्प्युटरवर लावले, एका फोटोत, आणि चांगल्या हेतूनं लावले. ‘चांगला हेतू’ हे शब्द मी हल्ली जपून वापरतो. त्या डोळ्यांपायी एक भला माणूस माझ्याशी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बोलला नाही, आणि का बोलत नाही हे मला तोवर उमगलं नाही. त्या माणसाबद्दल, म्हणजे अण्णांबद्दल सांगतो. माझी चूक त्यात येईलच.

मी मूळचा परभणीचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात नोकरी लागली, म्हणून दोन हजार आठ साली बायकोला घेऊन जवळच्याच भरे गावात राहायला आलो. अण्णांनी आपल्या कौलारू घराशेजारी भाडेकरूंसाठी दुमजली इमारत बांधली होती. तिच्यातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. सामानाच्या गोण्या अजून सुटायच्या होत्या. तेवढ्यात अण्णा आले, दाराबाहेर चपला काढल्या, आत येऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि मान मागं टाकून छताकडं बघत बसले. बराच वेळ.

“कुठं गळतंय का?” सुनंदानं घाबरून विचारलं. सुनंदा म्हणजे माझी बायको.

“न्हाई वैनी. पांढरं हाय का बगतोय.”

“पण रंग तुम्हीच दिलाय ना?”

“व्हय. पर पांढऱ्यात बी लई परकार असत्यात.”

ते गेल्यावर सुनंदा मला म्हणाली, “घर बदलू या का?”

पुढं कळलं की अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी छत बघतात. बारशाला गेले, छत बघितलं. मयताला गेले, छत बघितलं. याचं कारण त्यांच्या गळ्यात लटकत असायचं.

आमच्या भागात तेव्हा जमिनी विकल्या जात होत्या. जमीन गेली की महिन्याभरात दारात नवीकोरी जीप उभी राही. अण्णांनी ओढ्यापलीकडचा तुकडा दिला आणि कॅमेरा घेतला. मोठा, काळा, भिंगं बदलता येणारा, डीएसएलआर म्हणतात तसला. साठीकडं झुकलेला उंच माणूस, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि गळ्यात तो कॅमेरा, असे ते म्हशीला पाणी पाजायला जात. गावातली पोरं त्यांना ‘शूटिंग’ म्हणत. “ओ शूटिंग, आज कुटं?” असं कुणी विचारलं तर ते शांतपणे “वढ्यावं” म्हणून पुढं चालू लागत.

कॅमेऱ्यावर त्यांचा जीव होता, पण त्याच्या डोक्यातून टुणकन वर येणाऱ्या बारक्या फ्लॅशवर भयंकर राग.

“कानफटात मारल्यावानी उजेड पडतोय त्येचा,” ते म्हणत. “समोरचं मानूस भेदरतं. उजेड पायजे सायेब, दणका नको.”

‘उजेड पायजे, दणका नको.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा कारखान्यात साहेबांसमोर माझ्याच तोंडून निघून गेलं. त्यांना वाटलं, मी पगारवाढीबद्दल बोलतोय.

तर अण्णांना कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा, मोठा फ्लॅश हवा होता. मी राहायला येण्याच्या आधीपासून ते तो निवडत होते. आणि निवडायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, बैल निवडायची. बैल काही चित्र बघून घेत नाहीत. चालवून बघतात, मान बघतात, जुपून बघतात. म्हणून अण्णा दर लग्नसराईत आसपासच्या सगळ्या लग्नांना जात आणि फोटोग्राफरच्या मागं उभे राहून त्याच्या फ्लॅशची चाल बघत. नवरानवरीकडं त्यांचं लक्ष नसे. एका कार्यालयात फोटोग्राफरनं फ्लॅशचं तोंड वर, छताकडं केलं आणि बटण दाबलं. अण्णांनी चटकन वर बघितलं. “वर काय हाय?” त्यांनी विचारलं. “काही नाही काका, उजेड छतावर आपटून खाली येतो, मऊ होतो. बाजूला व्हा.” त्या दिवसापासून छतं बघणं सुरू झालं. हवा तो फ्लॅश म्हणजे मान वर करणारा फ्लॅश, हे तिथं ठरलं. मग त्यांना कळलं की असे पुष्कळ असतात, आणि घोळाला खरी सुरुवात झाली.

तो घोळ मी वाढवला. माझ्याकडं लॅपटॉप होता, इंटरनेट होतं. “सायेब, तुमच्या यंत्रात बगा की जरा,” अण्णा म्हणाले. मी आयुष्यात कधी फ्लॅश हातात धरला नव्हता. ‘मला यातलं कळत नाही’ एवढं म्हणायचं होतं. पण हे वाक्य मला कधीच जमलेलं नाही. मी बघायला लागलो. गाइड नंबर, टीटीएल, स्लेव्ह मोड, झूम हेड. वाचत गेलो तसं मला कमी कमी कळत गेलं आणि मी जास्त जास्त बोलत गेलो.

रोज संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर आमची बैठक बसे.

“स्लेव्ह मोड म्हणजे,” मी सांगे, “मुख्य फ्लॅश पेटला की लांब ठेवलेला हा दुसरा आपोआप पेटतो.”

“म्हंजे सालगडी,” अण्णा म्हणत. “नको. सालगडी ठेवायचं दिस गेलं.”

“टीटीएल म्हणजे फ्लॅश आधी बारीकसा लुकलुकतो, उजेड किती लागेल ते जोखतो आणि मग खरा पेटतो.”

अण्णा विचारात पडत. “म्हंजे आदी डोळा मारतो? मंग तर झालंच. त्यो डोळा मारनार आन ही डोळं मिटनार.”

‘ही’ म्हणजे काकू, अण्णांची बायको. ठेंगणी, सतत हसणारी बाई. आम्ही बोलत असताना त्या आतून चहा आणून ठेवत आणि जाता जाता म्हणत, “झाली का सोयरीक पक्की, का अजून पत्रिकाच बगताय?”

एका रविवारी मी अण्णांना पुण्यात एका दुकानात घेऊन गेलो. काचेच्या कपाटात फ्लॅश ओळीनं मांडले होते. अण्णांनी एकेक मागून घेतला, त्याची मान वर केली, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, सोडून दिली आणि पुन्हा वर केली. दुकानदाराचा चेहरा उतरत चालला. शेवटी एक बरा वाटला तेव्हा अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, काउंटरवर पसरलं आणि त्याच्याखालून दुकानदाराचा हात धरला.

बैलबाजारात भाव असाच होतो. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची, धरलेल्या बोटांवरून आकडा समजायचा, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. दुकानदाराला यातलं काय ठाऊक? तो हात ओढून मागं सरला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “काकांना काय होतंय?”

परतीची बस धरली. चांदणी चौक मागं पडल्यावर अण्णा म्हणाले, “जुपून बगू देत न्हाई, भाव करू देत न्हाई. असला बाजार असतोय व्हय?”

मला हसू आवरेना. ते बघून अण्णाही हसले. त्यामुळं मला वाटलं, हा सगळा त्यांचा छंद आहे. फ्लॅश मिळाला तर यांचं मन रमायचं कशात? मी असं समजलो, आणि इथंच फसलो.

दिवाळीच्या आधी अण्णा कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायला आले. मी बघत गेलो आणि थक्क झालो. ओढा नाही, डोंगर नाही, म्हैस नाही. फोटो सगळेच्या सगळे काकूंचे होते. चुलीपुढं बसलेल्या काकू, भाकरी थापणाऱ्या काकू, फुंकणी हातात धरलेल्या काकू. आणि एकूण एक फोटोत डोळे मिटलेले.

“अंगणात, उजेडात काढा की अण्णा. फ्लॅशच लागणार नाही.”

“उनात ती डोळं बारीक करती. आन अंगणात बस म्हनलं तर म्हनती, मी काय पावनी हाय का? तिची जागा ती. जितं बसती तितलाच पायजे.” मग म्हणाले, “डोळं उगडं असल्याला एक मिळाला तरी बास.”

एक मिळाला तरी बास. मला वाटलं, अरे, एवढंच ना? त्यासाठी फ्लॅश कशाला?

कारखान्यातल्या एका मित्राकडून मी फोटोत फेरफार करायला शिकलो होतो. काकूंचा त्यातल्या त्यात चांगला फोटो घेतला. हसरं तोंड, गालावर जाळाचा तांबूस उजेड. सुनंदाच्या एका फोटोतले डोळे अलगद कापले, काकूंच्या मिटलेल्या पापण्यांवर बसवले, कडा पुसल्या. तीन रात्री खपलो. पिरंगुटला मोठी प्रत काढून घेतली, चौकट करून घेतली आणि पाडव्याच्या सकाळी, सुनंदाला सोबत घेऊन, रंगीत कागदात गुंडाळलेली ती चौकट अण्णांच्या हातात दिली.

काकूंनी डोकावून बघितलं. “अगं बया! मी कुनावर डाफरतिया?”

सुनंदानं फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. “हे डोळे माझे आहेत,” ती हळूच म्हणाली. “आणि मी तुमच्यावर चिडले होते ना नांदेडच्या लग्नात, तेव्हाचे आहेत.”

अण्णांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

“हे कुनी उगाडलं?”

“मी,” मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो, हे आठवलं की आजही कान तापतात.

अण्णांनी तो रंगीत कागद पुन्हा जसाच्या तसा गुंडाळला, चौकट कोनाड्यात भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि गोठ्याकडं निघून गेले.

त्यानंतर ओट्यावरची बैठक बंद झाली. कॅमेरा गळ्यातून उतरला आणि खुंटीला गेला. गावातली पोरं “शूटिंग” म्हणून हाका मारायची तीही थांबली. मी जिन्यात भेटलो तर अण्णा बाजूला होऊन वाट देत, जशी अनोळखी पाहुण्याला देतात तशी. भाडं द्यायला गेलो तर काकू घेत. मी नाना तर्क केले. फ्लॅशची गरजच संपवली म्हणून राग आला असेल? फोटो आवडला नसेल? पाण्याची मोटर मी रात्रभर चालू ठेवली होती, त्याचं तर काही नसेल? सुनंदा म्हणाली, “विचारा की सरळ.” मी सरळ विचारलं नाही. मोटरीबद्दल मात्र माफी मागितली. अण्णा “बरं” म्हणाले. मी आणखीच गोंधळलो.

संक्रांतीला अण्णांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. “तिळगूळ घ्या,” म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

त्या दिवशी काकूंनी आम्हाला पहिल्यांदाच आतल्या खोलीत बसवलं. एरवी आम्ही कायम ओट्यावर बसायचो. अण्णा शेताकडं गेले होते. समोरच्या भिंतीवर एक जुना, पिवळा पडलेला फोटो होता. खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई. सगळं ठीक होतं, डोळे सोडून. डोळे मोठे, काळेभोर, रंगानं काढलेले. एक दाराकडं बघत होता आणि दुसरा भिंतीकडं.

“सासूबाई हायेत,” काकू म्हणाल्या. “जित्तेपनी कुनी फोटो काढलाच न्हाई. गेल्या तवा पौडाहून फोटोवाला आनला. खुर्चीत बशिवलं, मागनं दोगांनी धरलं. तवा तशीच रीत होती. डोळं तर मिटलेलंच. मंग त्येनं दुकानात न्हिऊन रंगानं उगाडलं.”

मी हातातला तिळगूळ तसाच धरून बसलो.

“तवा ह्येंचं वय लई न्हवतं,” काकू पुढं म्हणाल्या. “आता आईचं खरं डोळं ह्येंस्नी आठवत न्हाईत. आठवाया बसलं की हेच म्होरं येत्यात, म्हनत्यात. म्हनून मला भंडावून सोडलंय, तुजं तरी तुजंच डोळं ऱ्हाऊ देत म्हनून.” आणि त्या हसल्या. “मी काय आत्ताच चाललीय व्हय?”

खाली बघून मी तिळगूळ खाल्ला.

महिनोन्‌महिने मी अण्णांना विचारत होतो, कॅमेरा कुठला, अंतर किती, बॅटरी कसली. फोटो कशाला हवाय, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्यांनी ज्याच्यापासून बायकोला वाचवायची धडपड चालवली होती, तेच मी चौकटीत घालून पाडव्याला भेट दिलं होतं.

पुढच्या शनिवारी मी त्याच दुकानात गेलो. कपाटात सगळे फ्लॅश ओळीनं उभे होते. इतकं वाचूनही मला एकातला आणि दुसऱ्यातला फरक कळेना. शेवटी अण्णांसारखं केलं. कॅमेऱ्याच्या कंपनीचे तेवढे मागून घेतले आणि एकेकाची मान वळवून बघितली. अगदी लहानाची मान वळतच नव्हती. सर्वांत मोठा काकूंच्या स्वयंपाकघरात म्हशीसारखा वाटला असता. मधला सरळ वर बघत होता.

दुकानदारानं मला ओळखलं. “तुम्ही पण उपरणं आणलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “पण जुपून बघायला द्याल? नाही पटला तर सोमवारी परत आणतो.”

पूर्ण पैसे ठेवून घेऊन त्यानं तो दिला.

रविवारी दुपारी सुनंदाला सोबत घेऊन मी खोकं हातात धरून ओट्यावर गेलो. माफीची वाक्यं पाठ केली होती. अण्णा दोरी वळत बसले होते. पाठ केलेलं सगळं विसरलो.

“अण्णा, जुपून बघायला आणलाय,” एवढंच म्हणालो. “नाही पटला तर परत.”

त्यांनी दोरी खाली ठेवली. फ्लॅश हातात घेतला. मान वर केली, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा वर.

“मान हलकी हाय,” ते म्हणाले. संक्रांतीचा तिळगूळ सोडला तर पाडव्यानंतर ते माझ्याशी आपणहून बोललेले हे पहिले शब्द. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ते खुंटीवरून कॅमेरा काढून आत गेलेसुद्धा.

स्वयंपाकघरात अडचण निघाली. वर कौलं, वासे आणि पिढ्यानपिढ्यांचा धूर. छत कोळशासारखं काळं. उजेड वर गेला की गेलाच, खाली यायचं नाव नाही. इतकी वर्षं गावाची छतं बघणाऱ्या माणसानं आपल्या घरचं छत बघून उसासा सोडला. मग सुनंदानं धावत जाऊन आमची पांढरी चादर आणली. एका टोकाला पाटावर ती, दुसऱ्या टोकाला स्टुलावर मी. दोघांनी हात उंच करून चुलीवर चादर ताणून धरली.

“आमचं पुन्यांदा लगीन लावताय का?” काकू खालून म्हणाल्या.

“हसू नगं. हिकडं बग,” अण्णा म्हणाले.

उजेड पडला. मऊ पडला, चादरीवरून सगळ्या घरभर उतरला. पण डोळे मिटलेले. पुन्हा एकदा. पुन्हा मिटलेले.

“मी काय मुद्दाम करतिया?” काकूंचा आवाज रडवेला झाला. एरवीचं हसू गेलं होतं.

“ऱ्हाऊ दे,” अण्णा कॅमेऱ्याआडून म्हणाले. “हा शेवटचा. मंग त्यो फ्लॅश परत द्या सायेब. तुमचा काय दोष न्हाई.”

तुमचा दोष नाही! माझे हात भरून आले होते. ते वाक्य ऐकलं आणि मला राहवेना.

“दोष आहे, अण्णा,” मी वरूनच म्हणालो, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला. “चुकलं माझं. काकूंना दुसऱ्याचे डोळे लावायला नको होते मी. मला माहीत नव्हतं, पण विचारायला तर तोंड होतं. मी नुसता शहाणपणा केला. मला माफ करा.”

“अवं, त्येचं काय मनाला लावून—” असं म्हणत काकूंनी चकित होऊन मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

अण्णांनी बटण दाबलं.

उजेड आला आणि गेला. दणका नव्हता.

अण्णांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. आम्हाला दाखवलं नाही. चुलीपाशी गेले, काकूंच्या शेजारी खाली बसले आणि कॅमेरा त्यांच्यापुढं धरला.

“हे बग,” म्हणाले. “तू हायेस.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. सुनंदा पाटावरून उतरली. मी मात्र अजून तसाच, हात वर, चादरीचं टोक धरून. मला कुणी उतर म्हणालंच नव्हतं.

“अण्णा,” मी म्हणालो, “माफ केलंत ना?”

अण्णांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ते छताकडं बघत तसं.

“आदी खाली उतरा,” ते म्हणाले. “वरनं कुनी माफी मागतं व्हय?”

मी खाली उतरलो. चादर बाजूला ठेवली. स्वयंपाकघरात पुन्हा नेहमीचा अंधार झाला होता. त्या अंधारात चुलीपुढं जमिनीवर बसलो आणि दोन्ही हात जोडून, या वेळी हळू आवाजात, पुन्हा माफी मागितली.